शिवलेलं जहाज बघायला शाळेची सहल निघते तेव्हा

'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे काथ्याच्या दोरीने शिवलेलं शिडाचं जहाज कारवारला नौदलात दाखल झाल्यापासून आपल्या भागातल्या शाळांमध्ये त्याची चर्चा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून या विषयावर पत्रं आली, त्यातली बरीच शिक्षकांची. म्हणून या अंकातलं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं दिली आहेत.

हे जहाज नेमकं काय आहे? आमच्या शाळेची आठवी-नववीची ४४ मुलं घेऊन थेट कारवारला गेलो तर बघायला मिळेल का?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सहली फसतात. थेट गेलात तर बघायला मिळणार नाही. हे नौदलाचं जहाज आहे आणि नौदलाच्या तळावर लेखी परवानगीशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. शिवाय ते समुद्रात जाणारं जहाज आहे, एका जागी बांधून ठेवलेलं नाही. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधल्या मस्कतला पोचलं. त्यामुळे पत्रात पहिला प्रश्न 'आम्हाला परवानगी द्याल का' हा नको. 'या महिन्यात जहाज कुठे असणार आहे आणि विद्यार्थ्यांना ते पाहता येईल का' असं विचारा.

पत्र शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी आणि इंग्रजीत असावं. दोन महिने आधी पाठवा. मुलांची व शिक्षकांची नावं, वय, ओळखपत्रांचे क्रमांक, बसचा नंबर आणि चालकाचं नाव यांची यादी सोबत जोडा. पर्यायी तारखा दोन द्या, एकच तारीख दिली तर नकार येण्याची शक्यता वाढते. शाळेत एनसीसी असेल तर बटालियनमार्फत पत्र पाठवणं सोयीचं. सहलीच्या मंजुरीचा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाचा अर्ज कन्नडमध्ये आणि पालकांचं संमतिपत्र मराठीत करा. सीमाभागातल्या शाळेला एकाच सहलीसाठी तीन भाषांत कागद करावे लागतात. ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आता जहाजाबद्दल. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून हे जहाज बांधलं. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही बोटी बांधणारी संस्था यांच्यात करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ ला जहाजाचा तळाचा कणा बसवला. कोकणातले सुतार त्याला पठाण म्हणतात. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या शिवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. लांबी १९.६ मीटर, रुंदी ६.५ मीटर. इंजिन नाही. भारतातून समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्य नावाच्या नाविकाची कथा आहे, त्याचं नाव जहाजाला दिलं.

खानापूरच्या मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. जहाज बांधलं गोव्यातल्या दिवाडी बेटावर, मांडवी नदीत. ही मांडवी म्हणजे आपली म्हादई, खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी. जहाजाच्या शिडावर गंडभेरुंड आहे. कर्नाटकच्या राजचिन्हातला दोन तोंडांचा पक्षी तोच, म्हणजे मुलांनी तो बसवर आणि सरकारी कागदांवर रोज पाहिलेला असतो. शिडावर सूर्य, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, सिंहमुखी याळी हा काल्पनिक प्राणी आणि डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. या चार गोष्टी शोधायचं काम मुलांना आधीच देऊन ठेवा.

एका वेळी किती मुलं जहाजावर चढवावीत? दिवसातली कुठली वेळ चांगली? मुलांची तयारी काय करून घ्यावी?
— हायस्कूल शिक्षक, बेळगाव

एकदम बारापेक्षा जास्त नकोत. कागदावर १९.६ गुणिले ६.५ म्हणजे जवळजवळ १२७ चौरस मीटर होतात, पण जहाज दोन्ही टोकांना निमुळतं असतं. त्यात डोलकाठ्या, दोरखंडांची वेटोळी, सुकाणूची वल्ही आणि नांगर. उभं राहायला मोकळी जागा निम्मीही उरत नाही. ४४ मुलांचे चार गट करा आणि प्रत्येकी २५ मिनिटं द्या. चढणं-उतरणं धरून दोन तास लागतात. बाकीचे तीन गट धक्क्यावर नुसते उभे राहिले तर पंधरा मिनिटांत कंटाळतात आणि पाण्याच्या कडेला जातात. त्यांना काम हवंच. एक गट बाहेरून जहाजाचं चित्र काढेल, एक गट दोरीच्या गाठी मारेल, एक गट सावलीत बसून टिपणं लिहील. चित्राचं काम मनापासून करून घ्या, कारण फोन फाटकावर जमा होतील असंच धरून चालायला हवं. छायाचित्रांची परवानगी मिळालीच तर एका शिक्षकाला मिळेल.

वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघा. धक्का जागच्या जागी असतो आणि जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं. त्यामुळे जहाजावर जायची फळी कधी सपाट तर कधी तिरकी होते. कारवारकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दीड-दोन मीटर असतो, आणि दीड मीटरने तिरकी झालेली फळी आठवीच्या मुलांना भीती वाटावी अशीच असते. कोकणातला जुना हिशेब असा: पंचांगातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. ओहोटी नऊच्या आसपास. हा हिशेब मुंबईकडे चांगला जुळतो. कारवारला भरती त्याआधीच, साधारण पाऊण-एक तास अगोदर येते. दिवस ठरवण्याइतका तो पुरेसा आहे, पण तास-मिनिटं मात्र छापील भरती-कोष्टकातूनच घ्या. सर्वांत सोयीचे दिवस अष्टमी-नवमीचे, कारण तेव्हा भांगाची भरती असते, पाण्यात फरक कमी पडतो आणि फळी दिवसभर जवळजवळ सारखी राहते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस टाळा. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात तर घाट आणि समुद्र दोन्ही नकोत.

तयारीसाठी आम्ही एकच गोष्ट आग्रहाने सांगू: निघण्याच्या आठवडाभर आधी शाळेच्या मैदानावर जहाज आखा. १९.६ मीटरची दोरी सरळ ताणा. तिच्या मध्यावर, ९.८ मीटरवर, दोन्ही बाजूंना ३.२५ मीटरवर खुंट्या ठोका. मग मुलांच्या हातात लांब दोरी देऊन एका टोकापासून खुंटीवरून दुसऱ्या टोकापर्यंत गोलाकार वळवा आणि तिच्या कडेने फक्की टाका. झालं जहाज. आता त्यात सोळा मुलं उभी करा आणि विचारा, वीस दिवस इथेच राहायचं, तर पाणी किती लागेल? पिण्या-शिजवण्याला माणशी चार लिटर धरले तरी १६ गुणिले ४ गुणिले २०, म्हणजे १,२८० लिटर. पंधरा लिटरच्या घागरीने मोजलं तर ८५-८६ घागरी. त्या कुठे ठेवायच्या, हे मुलांनीच फक्कीच्या आत आखून दाखवायचं. अजिंठ्याच्या चित्रात जहाजावर ओळीने घडे दाखवले आहेत. हा हिशेब केलेल्या मुलाला ते घडे का आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अंगावर काय असावं: रबरी तळव्याचे, पाय घट्ट धरणारे बूट. चपला आणि टाचांचे सँडल नकोत, ओल्या लाकडावर ते सर्वांत आधी घसरतात. ओढणी, सैल दुपट्टा आणि मोकळे केस बांधून घ्या. दप्तरं बसमध्येच ठेवा. जहाजावर पाहुण्यांसाठी स्वच्छतागृहाची सोय असेल असं समजू नका, ते काम आधीच उरकून घ्या.

माझ्या मुलाला बस लागते. जहाजावर तर आणखी त्रास होईल. पाठवू की नको?
— पालक, नंदगड

पाठवा. बांधलेलं जहाज हलतं, पण हळू हलतं. २५ मिनिटांत त्याचा त्रास क्वचितच होतो. खरा त्रास घाटात होतो. रामनगर-अनमोडकडून जा किंवा जोयडामार्गे जा, वळणं चुकत नाहीत. निघताना पुरी-भाजी, मिसळ असलं तेलकट देऊ नका. दोन इडल्या किंवा भाकरी-चटणी पुरे. अगदी उपाशी पोटीही पाठवू नका, रिकाम्या पोटाला मळमळ जास्त होते. बसमध्ये पुढच्या चाकाच्या थोडं मागे, खिडकीशी बसवा. पुस्तक किंवा मोबाईल हातात नको, नजर लांब रस्त्यावर हवी. आलेपाक चघळायला द्या. उलटीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तास-अर्धा तास आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

खिळे नसताना जहाज फुटत कसं नाही? दोरी कुजत नाही का? आमच्या वर्गात यावरून पैज लागली आहे.
— इयत्ता नववीतले विद्यार्थी, बेळगाव

पैज दोन्ही बाजूंनी अर्धी जिंकली आहे. जहाज फुटत नाही आणि दोरी कुजते.

शिवलेलं जहाज आधी बाहेरून बांधतात. पठाण बसवला की त्याच्या दोन्ही अंगांना फळ्या चढत जातात. फळी जहाजाच्या पोटाच्या वळणावर बसवायला वाफेने तापवून मऊ करतात आणि गरम असतानाच वाकवतात. फळीची कड फळीच्या कडेला अगदी टेकते, एकावर एक चढत नाही. दोन्ही कडांना समोरासमोर भोकं पाडतात. सांध्यावर काथ्याची जाड वळकटी ठेवतात आणि तिच्यावरून दोरी भोकांतून आरपार ओवत ताणून शिवतात. आतल्या फासळ्या नंतर बसतात. शेवटी भोकं काथ्याने आणि राळेने बुजवतात. खिळ्यांच्या जहाजात खिळा लाकडाला ठिकठिकाणी एकेका बिंदूत पकडतो. इथे सगळा सांधा सलग धरलेला असतो. लाट आदळली की जहाजाचं अंग किंचित वाकतं आणि परत सरळ होतं, जोर एका जागी साठत नाही. वाळूवर ओढलं तरी चालतं. एखादी फळी गेलीच तर टाके कापून तेवढीच बदलता येते.

खिळ्याचा दुसरा दोष गंजण्याचा. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, गंज फुगतो, आजूबाजूचं लाकूड काळं पडून ठिसूळ होतं आणि खिळा सैल होतो. काथ्याला खारं पाणी मानवतं. नारळाची सोडणं महिनोन्महिने पाण्यात भिजवूनच काथ्या काढतात. ओल्या दोरीचे आणि वळकटीचे तंतू फुगतात, सांधा आवळतो.

जुन्या लोकांनी एक गमतीदार कारणही दिलं आहे. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या संस्कृत ग्रंथात म्हटलं आहे की समुद्रात जाणाऱ्या जहाजाला लोखंड वापरू नये, कारण समुद्रातले लोहचुंबकी खडक ते ओढून घेतात. असे खडक नाहीत. पण सवय खरी होती, म्हणून तिच्यासाठी कारण शोधलं गेलं.

आता तोटे, कारण पैजेची दुसरी बाजू तीच. शिवलेलं जहाज थोडं पाणी आत घेतंच, त्यामुळे तळात साठलेलं पाणी उपसत राहावं लागतं. दोरी घासली की तुटते, उन्हाने आणि कुजण्याने कमजोर होते. म्हणून टाके तपासत राहणं, अंगाला तेल देणं आणि काही वर्षांनी दोरी बदलणं हे ठरलेलं काम. आणि जहाज फार लांब करता येत नाही. लाटेच्या माथ्यावर मध्य वर उचलला जातो, टोकं खाली लोंबतात आणि लांबी जितकी जास्त तितका सांध्यांवर ताण वाढतो.

इतकं असूनही अशी जहाजं लांब गेली आहेत. टिम सेव्हरिन या ब्रिटिश दर्यावर्दीने ओमानमध्ये बांधून घेतलेलं 'सोहार' हे शिवलेलं जहाज १९८०-८१ मध्ये मस्कतहून चीनमधल्या कँटनला पोचलं. त्याच्या फळ्या मलबारातल्या ऐनीच्या. हे फणसाच्या कुळातलं झाड आहे. मराठीत पाटफणस, कन्नडमध्ये हेब्बलसू. आपल्या सह्याद्रीतल्या रानातही ते आहे. २०१० मध्ये 'ज्युवेल ऑफ मस्कत' हे आणखी एक शिवलेलं जहाज ओमानहून सिंगापूरला गेलं.

मुलांकडून फळी शिवण्याचा प्रयोग करून घ्यायचा आहे. साहित्य, मापं आणि कृती द्यावी.
— कार्यानुभव शिक्षक, चिकोडी

चार मुलांच्या एका गटाला लागेल ते: लाकडाच्या दोन फळ्या, प्रत्येकी ४५ सेंटीमीटर लांब, १५ रुंद, २ जाड. फणस किंवा आंबा चालेल. प्लायवूड नको, त्याचे थर भोकाशी सुटतात आणि ते पाण्याने हवं तसं फुगतही नाही. काथ्याची ४ मिलिमीटर जाडीची दोरी ६ मीटर. सुटा काथ्या दोन मुठी. ८ मिलिमीटरच्या बिटाचं हातड्रिल. बोटभर लांबीच्या आठ-दहा लाकडी खुंट्या, एका टोकाला निमुळत्या. दोरी आणि काथ्या बेळगावात रविवार पेठेत मिळतात, फळ्या कुठल्याही वखारीत कापून आणि रंधा मारून देतात. रंधा मारून घ्याच.

१. दोन्ही फळ्यांच्या शिवायच्या कडा एकमेकींना लावून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. सगळ्यात जास्त वेळ इथे जाऊ द्या.

२. कडेपासून अडीच सेंटीमीटर आत रेघ मारा. रेघेवर दर पाच सेंटीमीटरला खूण करा, दोन्ही फळ्यांवर अगदी समोरासमोर. प्रत्येक फळीला आठ भोकं होतात. पहिलं आणि शेवटचं भोक टोकापासून पाच सेंटीमीटरवर येतं.

३. फळीखाली टाकाऊ लाकूड ठेवून भोक पाडा, नाहीतर खालच्या बाजूला कपचा उडतो. बाहेरच्या बाजूला समोरासमोरच्या भोकांना जोडणारी ४-५ मिलिमीटर खोल खाच पाडा. दोरी त्या खाचेत बुडाली पाहिजे. वर राहिली तर ती घासून तुटते.

४. दोरी अर्धा तास पाण्यात भिजवा. कोरडी काथ्याची दोरी कडक असते, ताणताना तंतू तुटतात आणि हाताला कुसं लागतात. मुलांना हातमोजे द्या.

५. सुटा काथ्या पिळून अंगठ्याएवढी जाड वळकटी करा आणि आतल्या बाजूने सांध्यावर ठेवा.

६. एका टोकापासून शिवायला घ्या. दोरी बाहेरून आत काढा, वळकटीवरून पलीकडच्या भोकात घाला, बाहेर खाचेतून परत आणा. प्रत्येक जोडीला हा वेढा दोनदा द्या. मग वळकटीवर तिरकं जाऊन पुढच्या जोडीकडे. शेवटच्या टोकाला पोचलात की उरलेल्या दोरीने उलट तिरके टाके घालत परत या, म्हणजे वळकटीवर फुल्या दिसतील.

७. प्रत्येक वेढ्याला एकाने दोरी काठीला गुंडाळून ओढायची आणि दुसऱ्याने लगेच त्या भोकात खुंटी ठोकायची, म्हणजे ताण सुटत नाही. पुढचा टाका ताणला की मागची खुंटी काढून पुढे वापरा. हे दोघांच्या मेळाचं काम आहे. ज्या गटात एकच मुलगा ओढतो आणि बाकीचे बघतात, त्या गटाचा सांधा हमखास सैल निघतो.

८. भोकं काथ्याने ठासून भरा. वरून राळेऐवजी मेण लावा. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात मेण वितळवा, तेही शिक्षकांनी. राळ आणि तेल तापवणं शाळेत करू नका, त्याचा भडका उडतो.

तपासणी: शिवलेली जोडी दोन विटांवर आडवी ठेवा, आतली बाजू वर. सांध्याभोवती पिठाचा किंवा मातीचा बांध घाला आणि तांब्याभर पाणी ओता. पहिली दहा मिनिटं ते ठिबकणारच. मुलं हिरमुसतात, तेव्हा त्यांना थांबायला सांगा. बांध भरलेला ठेवून दर पंधरा मिनिटांनी, एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजा. लाकूड आणि काथ्या फुगत जातात तसे थेंब कमी होतात. मोजणीचा तक्ता हाच प्रयोगाचा निकाल.

काय बिघडतं: भोकं कडेच्या फार जवळ पाडली तर ताणताना लाकूड रेषेत चिरतं. भोकं समोरासमोर नसतील तर ताण तिरका लागून एक फळी दुसरीवर सरकते. नायलॉनची दोरी स्वस्त म्हणून घेतली तर ती घसरते, ताण धरत नाही आणि पाण्याने फुगतही नाही, मग सगळा प्रयोगच व्यर्थ.

शिवाजी महाराजांच्या आरमारातली जहाजं अशीच होती का? मुलं हेच विचारतात.
— शिक्षक, निपाणी

नाही, आणि हे मुलांना सहलीआधीच स्पष्ट सांगावं. अजिंठ्याचं चित्र आणि महाराजांचं आरमार यांत बाराशे वर्षांचं अंतर आहे. आरमाराची उभारणी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर सुरू झाली. त्यातली मुख्य जहाजं गुराब आणि गलबत. पुढच्या काळातल्या वर्णनांनुसार गुराबेला दोन-तीन डोलकाठ्या आणि दीडशे ते तीनशे टनांचा बोजा, तर गलबत लहान, सत्तर टनांपर्यंतचं, वाऱ्याबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवरही पळणारं. तोफांचा धक्का सोसायचा, खाडीत शिरायचं, पाठलाग करायचा, अशी त्यांची कामं वेगळी होती. कौंडिण्यसारखं जहाज मोसमी वारा पाठीशी घेऊन लांब जाण्यासाठी आहे. त्याला परबाणावर, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठीवर, टांगलेली चौकोनी शिडं असतात. वारा मागून असला की ती उत्तम चालतात, पण वारा समोरून आला की जहाज अडतं. मागे बसवलेलं एक सुकाणूही नाही, बाजूंना मोठी वल्ही लावून दिशा बदलतात.

तरी कारवारच्या सहलीत महाराजांचं आरमार शिकवायचं असेल तर जागा योग्यच आहे. १६६५ मध्ये महाराजांनी मालवणहून समुद्रमार्गे बसरूरवर स्वारी केली. बसरूर आजच्या उडुपी जिल्ह्यात आहे. इंग्रजांच्या कारवार वखारीच्या नोंदीत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं होती असं म्हटलं आहे. परतताना महाराज गोकर्णला थांबले आणि पुढे अंकोला, कारवारकडून आले. नकाशावर ही रेघ मुलांकडून काढून घ्या.

चित्र बघून बांधलेलं जहाज 'ऐतिहासिक' कसं म्हणायचं? मूळ जहाज तर कुणी पाहिलेलं नाही.
— निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव

तुमचा आक्षेप योग्य आहे. अजिंठ्याच्या काळातल्या अशा जहाजाचे अवशेष हाताशी नाहीत, बांधणीचे नकाशे नाहीत. चित्रकार जहाज बांधणारा नव्हता. त्याने जहाज पाण्यावर दाखवलं, म्हणजे पाण्याखालचा सगळा भाग चित्रात नाहीच, आणि जहाज तरतं की उलटतं हे ठरतं नेमकं त्या भागावर. लांबी-रुंदीचं प्रमाणही चित्रावरून मोजता येत नाही, कारण चित्रातली माणसं, घडे आणि डोलकाठ्या एका मापात काढलेल्या नाहीत.

म्हणून हे जहाज तीन प्रकारच्या गोष्टींतून उभं राहिलं आहे. काही चित्रात दिसतं: शिडं, सुकाणूची वल्ही, जहाजाचा वरचा आकार. काही जिवंत परंपरेतून आलं: फळ्या शिवण्याची पद्धत, काथ्या, राळ. आणि काही तर्काने ठरवून तपासून घेतलं: पाण्याखालचा आकार ठरवायला आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात जहाजाचं लहान प्रारूप पाण्यात चालवून पाहिलं, लाकडी डोलकाठीची ताकद नौदलाने तपासली. काही वस्तू तर मुद्दाम दुसऱ्या काळातून घेतल्या आहेत. हडप्पा पद्धतीचा नांगर अजिंठ्याहून दोन हजारांहून अधिक वर्षं जुना आहे.

विद्यार्थ्यांच्या वहीत आम्ही हेच तीन रकाने पाडू: चित्रातून, परंपरेतून, तर्कातून. जहाजावरची प्रत्येक गोष्ट त्यांनी कुठल्या तरी रकान्यात घालावी आणि का, ते एका ओळीत लिहावं. अजिंठ्याच्या चित्रात तीन डोलकाठ्या दिसतात. समोरच्या जहाजावर किती आहेत त्या मोजाव्यात आणि फरक असला तर कारण जहाजावरच्या अधिकाऱ्यांना विचारावं. 'मला माहीत नाही, हा आमचा अंदाज आहे' असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं वहीत उतरवावं. प्रतिकृतीबद्दलचं ते सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे आणि मुलांना ते ऐकायला मिळावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

आमच्या वर्गातली एक मुलगी कुबड्या घेऊन चालते. तिला बाजूला बसवणं बरं वाटत नाही.
— वर्गशिक्षिका, बेळगाव

परवानगीच्या पत्रातच तिचा उल्लेख करा आणि फळीची रुंदी, कठडा आहे का, हे विचारा. भांगाच्या दिवशी, पूर्ण भरतीच्या आसपास फळी जास्तीत जास्त सोयीची असते. तिचा गट त्या वेळेला ठेवा, शेवटी नको. चढणं शक्य नसेलच तर तिला धक्क्यावरचं नेमकं काम द्या. नाळेवरची याळी आणि शिडं जहाजावरून नीट दिसत नाहीत, बाहेरूनच दिसतात. ते चित्र तिच्याकडूनच सगळ्या वर्गाला मिळू द्या.

परवानगी मिळाली नाही, किंवा ऐन वेळी जहाज बाहेर गेलं, तर बस रद्द करायची का?
— मुख्याध्यापक, खानापूर

नाही, पण हे आधीच ठरवून ठेवा. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर समुद्रकिनाऱ्यावर 'आयएनएस चपळ' हे निवृत्त क्षेपणास्त्रवाहू जहाज संग्रहालय म्हणून ठेवलं आहे. ते पोलादी, इंजिनाचं, शिवलेल्या जहाजाच्या अगदी उलट टोकाचं, पण आत फिरता येतं आणि मुलांना जहाजातल्या जागेची कल्पना येते. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा.

शिवलेल्या लाकडाचा खरा धडा हवा असेल तर कारवार ते गोवा किनाऱ्यावर रापणीच्या होड्या शोधा. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला वापरायच्या या लांब होड्यांच्या फळ्या पारंपरिक पद्धतीत काथ्यानेच शिवतात. आता फायबरच्या होड्या आल्या, तरी जुनी एखादी माडाखाली झाकून ठेवलेली सापडते. रापणकरांना आधी विचारा, होडीवर मुलांना चढू देऊ नका आणि सकाळी त्यांची जाळ्याची वेळ असते तेव्हा मध्ये जाऊ नका. दुपारी चारनंतर गेलात तर ते निवांत दाखवतात. आत वाकून बघा, वळकटी आणि तिच्यावरच्या फुल्या तिथे हात लावून पाहता येतात. तळावर तेवढी मोकळीक मिळेलच असं नाही.

गोव्याकडून परतणार असाल तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत, त्यांत जहाजं कोरलेली दिसतात. खानापूरच्या मुलांनी हलशीचं देऊळ पाहिलेलंच असतं. ते देऊळ आणि हे वीरगळ एकाच गोव्याच्या कदंब घराण्याच्या काळातले आहेत, एवढं बसमध्ये सांगून ठेवा. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस तेवढा तपासून घ्या.